मोसम तारखेने उघडतो, शेत ओलाव्याने

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांकडून यंदा फेझंटच्या, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या लांब शेपटीच्या रानपक्ष्याच्या, शिकारीबद्दल बरेच प्रश्न आले. जवळपास प्रत्येक पत्रात तक्रार एकच: मोसम उघडला, पण मका उभाच. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत. शेवटचा प्रश्न विदर्भातून आला आहे आणि त्याचा शिकारीशी संबंध नाही, पण मूळ मुद्दा तोच आहे.

प्रश्न : मी मिनियापोलिसला राहतो. दरवर्षी साउथ डकोटात फेझंटला जातो. परवान्यात पाच-पाच दिवसांचे दोनच तुकडे मिळतात. मोसमाच्या पहिल्या शनिवारी गेलो की चहूकडे मका उभा आणि पक्षी मक्यात. सुट्टी ऑक्टोबरात टाकावी की नोव्हेंबरात, हे आधी कसं ठरवायचं?

उत्तर : साउथ डकोटाचा मोसम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि 31 जानेवारीपर्यंत चालतो. ही तारीख हलत नाही. मका मात्र पेरणी कधी झाली आणि सप्टेंबर किती गरम गेला यावर चालतो. म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवून दाण्यातल्या ओलाव्याचा हिशेब करा.

मक्याचा दाणा पक्व होतो, म्हणजे त्याच्या बुडाशी काळा ठिपका धरतो, तेव्हा त्यात साधारण 30 ते 35 टक्के पाणी असतं. बाजाराचं माप 15.5 टक्क्यांचं. बहुतेक शेतकरी 20 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान कंबाइन, म्हणजे काढणी-मळणीचं यंत्र, शेतात घालतात आणि उरलेलं पाणी प्रोपेनच्या ड्रायरवर काढतात. प्रोपेन महाग झाला की आणखी थांबतात, कारण ऊन फुकट आहे. पण ते ऊन टिकत नाही. उबदार सप्टेंबरात दाणा दिवसाला पाऊण ते एक टक्का पाणी सोडतो, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात अर्धा ते पाऊण, महिनाअखेरीस पाव ते अर्धा, आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर जवळजवळ काहीच नाही. समजा 1 ऑक्टोबरला शेतात 28 टक्के ओलावा आहे आणि दिवसाला अर्धा टक्का उतरतोय. तर तुमच्या तिसऱ्या शनिवारी तो 18-21 वर येईल, म्हणजे यंत्रं नुकतीच सुरू झालेली असतील. त्या शेतात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी जाण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे उतरता त्या शेतकऱ्याला सप्टेंबरअखेर फोन करून 'पाणी किती दाखवतंय' एवढंच विचारा. पक्षी किती दिसतात हे विचारण्यापेक्षा ते उपयोगी.

दुसरी खूण सोयाबीनची. ते मक्याच्या आधी निघतं, कारण 13 टक्क्यांच्या खाली गेलं की शेंगा तडकून दाणे जमिनीवर पडतात. मक्याचं कणीस थांबू शकतं, सोयाबीन थांबत नाही. त्यामुळे एकच कंबाइन असलेला शेतकरी सोयाबीन संपल्याशिवाय मक्याला हात लावत नाही. ऑक्टोबरात आठवडाभर पाऊस लागला की दोन्ही खोळंबतात आणि मका दुप्पट मागे पडतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा पीक-प्रगती अहवाल एप्रिल ते नोव्हेंबर दर सोमवारी पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता येतो. त्यात राज्यवार किती टक्के सोयाबीन आणि मका निघाला आणि पाच वर्षांची सरासरी काय, हे दिलेलं असतं. आमचा ठोकताळा असा: सोयाबीन 80 टक्क्यांच्या आत असेल तर मक्याचं काम जोरात सुरू झालेलं नाही. मका 50-60 टक्के निघाला की पक्षी गवताळ रानात आणि पाणकणसाच्या दलदलीत सापडू लागतात, 80 च्या पुढे गेला की खरा मोसम. साधारण वर्षी उघडण्याच्या शनिवारी निम्म्याहून जास्त मका उभाच असतो, तेव्हा त्याला 'यंदा उशीर झाला' म्हणू नये. खरा उशीर 2009 मध्ये आणि 2019 मध्ये झाला. 2019 च्या ओल्या वसंतात पेरणीच रखडली आणि शेजारच्या नॉर्थ डकोटात काही मका पुढच्या वसंतापर्यंत शेतात उभा राहिला. उलट 2012 च्या दुष्काळात मोसम उघडेपर्यंत बहुतेक शेतं रिकामी होती.

राज्याचा आकडा सरासरीचा असतो, म्हणून जागेवरचे दोन अपवाद ध्यानात ठेवा. दुधाचा गोठा किंवा गुरं पोसायचा मोठा तबेला जवळ असेल तर तिथला मका सप्टेंबरातच मुरघासासाठी ताटांसकट कापला जातो. तिथे आडोसाही राहत नाही आणि सांडलेला दाणाही नाही. आणि वाऱ्याने किंवा खोड कुजून मका लोळू लागला, तर शेतकरी ओलावा न बघता तो आधी काढतो.

तेव्हा पहिला पाच दिवसांचा तुकडा ऑक्टोबरातच हवा असा हट्ट नको. पहिला नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दुसरा पहिल्या मोठ्या बर्फानंतर, ही आमची शिफारस. उघडण्याच्या शनिवारी जायचंच असेल तर दिवसाचा शेवटचा तास राखून ठेवा. मका उभा असताना पक्षी खातो, सावली धरतो, लपतो ते सगळं मक्यात. फक्त रात्रीच्या वसतीला तो गवतात येतो. सूर्यास्ताला बंदूक बंद करावी लागते, म्हणून त्याआधीचा तास मका आणि गवत यांच्या सीमेवर काढायचा. सकाळी दहाच्या आत गोळी चालत नाही आणि ते दहा सेंट्रल वेळेचे. राज्याच्या पश्चिम भागात घड्याळात तेव्हा नऊ वाजलेले असतात.

जाता जाता एक कायद्याची बाब. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला साधारणपणे बंदी आहे. अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार-परवाना असेल तर सूट मिळते. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते.

प्रश्न : सू फॉल्सजवळ एका शेतकऱ्याने उभ्या मक्यातून फिरायची परवानगी दिली आहे. आम्ही सहा जण आणि एक लॅब्रॅडॉर. शेत 160 एकरांचं. मागच्या वेळी तीन तास चाललो, एक फेझंटचा नर उडाला तो मागून. काय चुकतंय?

उत्तर : शेताचा आकार चुकतोय. 160 एकर म्हणजे अर्धा मैल गुणिले अर्धा मैल, रुंदी 2640 फूट. हाकाऱ्यांमधलं, म्हणजे पक्षी उठवत चालणाऱ्यांमधलं, अंतर 30 फूट धरलं, आणि मक्यात त्याहून जास्त ठेवूच नये, तर सहा माणसं फार तर 180 फूट रुंदी झाकतात. पक्षी पळत बाजूला सरकतो, तुम्ही पुढे गेलात की परत मागे येतो. फेझंटला उडण्यापेक्षा पळणं जास्त आवडतं आणि 30 इंची ओळींमधली मोकळी सरी म्हणजे त्याला पळायला आयता रस्ता.

म्हणून पूर्ण उभं शेत सोडा, अर्धवट कापलेलं शोधा. यंत्राने मधे सोडलेली 48 ओळींची पट्टी 120 फूट रुंद असते. तेवढी चार हाकारे नीट झाकतात आणि दोघं पलीकडच्या टोकाला नाक्यावर, पक्ष्यांची वाट अडवून, राहतात. पट्टी नसेल तर शेताचा एक कोपरा घ्या, पण हाका अशा बाजूला न्या जिथे पुढे उघडी, कापलेली जमीन आहे. पुढे गवत लागलं तर पक्षी पळत त्यात शिरतो आणि उडतच नाही.

नाक्यावरच्यांनी आधी, लांबून वळसा घालून, मोटारीचं दार न आपटता जागा धरावी. हाकाऱ्यांनी ओळींच्या दिशेने, सावकाश, मधे मधे पंधरा-वीस सेकंद थांबत चालावं. थांबलात की दबून बसलेला पक्षी अस्वस्थ होतो. वारा समोरून असेल तर उत्तम, कुत्र्याला वास मिळतो आणि सुक्या पानांच्या खळखळीत तुमची चाहूल बुडते. शेवटचे शंभर फूट सगळ्यात हळू. बहुतेक पक्षी तिथेच गोळा झालेले असतात आणि एकदम उठतात, आणि नेमकी तिथेच माणसं घाई करतात.

लॅब्रॅडॉर 50-60 फुटांच्या पुढे जाऊ देऊ नका. रोख धरून उभा राहणारा पॉइंटर उभ्या मक्यात आणूच नये, तो कुठे उभा आहे हे तुम्हाला दिसतच नाही. मक्याच्या पानाची कड डोळ्याला कापते, म्हणून चश्मा घाला. संध्याकाळी कुत्र्याचे डोळे धुऊन पापणीखाली कुसळ नाही ना बघा.

आणि सुरक्षेबद्दल: सहाही जणांच्या अंगावर केशरी टोपी आणि जाकीट हवं. सात-आठ फूट उंच पिकात समोरचा माणूस तीस फुटांवर असला तरी दिसत नाही. पक्ष्याच्या मागे आकाश दिसल्याशिवाय घोडा दाबायचा नाही. हाकारे जवळ आले की नाक्यावरच्याने मक्याच्या दिशेने बंदूक आणायचीच नाही, पक्षी डोक्यावरून पार गेल्यावर वळून मारायचा.

प्रश्न : कंबाइन चालू असताना शेवटच्या पट्टीजवळ उभं राहिलं तर पक्षी आयतेच उडतात म्हणे. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, पण मालकाशी आणि यंत्र चालवणाऱ्याशी आधी बोलणं झालं असेल तरच. बारा ओळींचं तोंड असलेलं कंबाइन 30 फूट कापतं, ताशी साडेचार मैल वेगाने. वळणं आणि दाणे उतरवण्याचा वेळ धरून तासाला बारा-तेरा एकर होतात. म्हणजे 160 एकर एका लांब दिवसात किंवा दीड दिवसात संपतात, आणि शेवटचे दोन तास महत्त्वाचे. यंत्राच्या पुढे कधीही उभे राहू नका. धान्याच्या गाड्यांची वाट अडवू नका. सुक्या धसकटांवर मोटार उभी करू नका, तापलेल्या एक्झॉस्टने शेत पेटतं.

प्रश्न : मका उशिरा निघाला की शिकार कमी होते. मग पुढच्या वर्षी पक्षी वाढतात का?

उत्तर : फारसे नाही. मारायला परवानगी फक्त नराची, माणशी दिवसाला तीन. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे काही नर जास्त उरले तर पुढच्या पिढीत फरक पडत नाही. पुढचा मोसम ठरतो तो मे-जूनमध्ये.

मादी साधारण डझनभर अंडी घालून 23 दिवस उबवते. सर्वाधिक पिल्लं जूनच्या मध्याला बाहेर पडतात. लसूणघासाची पहिली कापणी नेमकी मेअखेर ते जूनच्या पूर्वार्धात येते. मादी घरट्यावर घट्ट बसून राहते आणि यंत्राखाली सापडते. घरटं गेलं तर ती दुसरं करते, पण अंडी कमी असतात. मादीच गेली तर विषय संपला. याउलट हिवाळी गहू जुलैत निघतो, तोवर पिल्लं चालती झालेली असतात, म्हणून त्याच्यात घरटी तगतात. सरकारी संवर्धन राखीव योजनेत (शेतकऱ्याला पैसे देऊन जमीन पिकाऐवजी गवताखाली ठेवतात) असलेल्या गवताला साउथ डकोटात 1 मे ते 1 ऑगस्ट हात लावायचा नाही, त्यामागे हेच गणित आहे. ऑक्टोबरातल्या मक्यावर राग काढण्याआधी जूनमधल्या घासाकडे बघा.

प्रश्न : कॅन्ससला, ओव्हरलँड पार्कमध्ये आलो आहे. इथे मक्याबरोबर ज्वारीही आहे. तिचं गणित वेगळं का?

उत्तर : वेगळं, आणि शिकाऱ्याच्या बाजूचं. कॅन्ससचा मोसम नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उघडतो, तोवर मका बहुतेक निघालेला असतो. ज्वारी, जिला तिथे मायलो म्हणतात, कमरेएवढी ठेंगणी असते. ती मुळात बहुवर्षायू, दाणा पक्व झाला तरी ताट हिरवंच राहतं. म्हणून बरेच शेतकरी पहिल्या कडक थंडीने ताट मरण्याची वाट बघतात आणि दाणा 14 टक्क्यांच्या आसपास आला की काढतात. थंडी उशिरा पडली तर उघडण्याच्या दिवशी ज्वारी उभी सापडेल.

आपल्याकडे मालदांडी कडब्यासाठी बुडातून कापतात, शेत मोकळं होतं. कॅन्ससमध्ये यंत्र फक्त वरचं कणीस घेतं आणि फूटभर, कधी त्याहून उंच धसकटं ओल आणि बर्फ धरायला ठेवतात. त्यामुळे काढणीनंतरही आडोसा आणि दाणा दोन्ही एकाच जागी राहतात. फेझंट तिथे दिवसाला चार नर, बॉबव्हाइट लावे आठ. धसकटांत छर्रा जमिनीलगत जाऊ देऊ नका, लावे खूप खालून उडतात.

प्रश्न : अमरावतीला शेती आहे. शिकारीशी संबंध नाही, पण सोयाबीन आणि गवत काढताना तित्तर-लाव्यांची घरटी सापडतात. काय करता येईल?

उत्तर : आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्यांची शिकार गुन्हा आहे, अंडी उचलणंही. पण नकळत नुकसान होतंच, आणि अकोला-वाशीमकडे तर पावसाळ्यात तणमोर हा माळढोकाच्या कुळातला दुर्मीळ पक्षीही गवतात आणि पिकात घरटं करतो.

सगळ्यात उपयोगी बदल कापण्याच्या दिशेचा. कडेने आत असं गोल गोल कापलं की पक्षी मधल्या उरलेल्या तुकड्यात अडकतात. उघड्यावरून पळायला ते धजत नाहीत आणि शेवटच्या फेरीत सापडतात. त्याऐवजी मधून बाहेर कापा. शेजारी गवताचा बांध किंवा पडीक रान असेल तर त्याच्या विरुद्ध टोकाला सुरुवात करून त्या दिशेने सरका. रात्री यंत्र चालवू नका. घरटं दिसलंच तर त्याच्याभोवती दहा-बारा फुटांचा तुकडा उभा सोडा, चार काठ्या रोवून खूण करा आणि पिल्लं निघून गेल्यावर तो विळ्याने काढा. अंडी दुसरीकडे हलवू नका, मादी तिथे जात नाही.