मैदानावर जाणाऱ्या नव्या पाळकाला

नाशिकमधल्या शरणपूरच्या चर्चच्या उपासनेतला आवाज खेळाडूंच्या कान्हेरे मैदानावर नेऊ नकोस. पहाटे धावणारी पुष्कळ पोरं ख्रिस्ती नसतात. तू तिथे प्रचाराला नाही, सोबतीला आहेस. प्रशिक्षकाची परवानगी आधी घे. संघनिवडीबद्दल चकार शब्द काढू नकोस.

जिंकणाऱ्याभोवती गर्दी असतेच. लिगामेंट फाटून घरी बसलेल्याकडे जा. त्याला ‘देवाची इच्छा’ वगैरे सुनावू नकोस. चहा घे, ऐक. प्रार्थना त्याने मागितली तरच. त्याचं बोलणं कोचपर्यंत जाता कामा नये, मात्र छळ किंवा जिवाला धोका दिसला तर गप्प बसायचं नाही. लहान मुलांशी चारचौघांतच बोल.

रविवारी स्पर्धा आली की आपल्याला १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायला नकार देणारा ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल सांगायचा मोह होतोच! आधी जिची स्पर्धा आहे त्या मुलीला काय वाटतं ते विचार.