थर्मल स्कोप आणि हातातला स्कॅनर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रात्रीच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या थर्मल, म्हणजे उष्णता टिपून तिचे चित्र दाखवणाऱ्या, उपकरणांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. रात्रीची शिकार अनेक ठिकाणी पूर्णपणे निषिद्ध असते, आणि काही ठिकाणी नुसते पाहण्यासाठी हातात धरायच्या स्कॅनरला मुभा असली तरी तेच तंत्रज्ञान रायफलीवर बसवणे हा गुन्हा ठरतो. म्हणून पुढील सर्व उत्तरे ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे आणि ज्यांनी आपल्या भागातील नियम स्वतः वाचले आहेत, त्यांच्यासाठीच आहेत.

प्रश्न : मला एकच उपकरण घेणे परवडते. रायफलीवरचा थर्मल स्कोप घेतला तर त्यातूनच आजूबाजूचा परिसरही न्याहाळता येईल. मग वेगळ्या स्कॅनरची गरज काय?

आपण आधी स्कॅनर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्कोप रायफलीला जखडलेला असतो, त्यामुळे आपली नजर जिकडे वळेल तिकडे नळीही वळते. अंधारात समोर काय आहे हे पाहिल्याशिवाय कळत नाही. तो आपलाच सोबती असू शकतो, रात्री गुरे शोधायला निघालेला कोणी असू शकतो किंवा झाडीआडचे घर असू शकते. ज्यावर गोळी झाडण्याची आपली तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, हा बंदूक हाती घेणाऱ्याला शिकवला जाणारा अगदी पहिला नियम आहे, आणि स्कोपने परिसर धुंडाळणारा माणूस तो नियम दर मिनिटाला मोडत असतो. या एका कारणापुढे मला बाकीची कारणे दुय्यम वाटतात.

तरीही ती सांगतो. आडव्या ओळीत ६४० बिंदू (पिक्सेल) असलेल्या आणि प्रत्येक बिंदू १२ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या १२ हजारांशांचा, असलेल्या सेन्सरपुढे ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग असेल, तर १०० मीटरवर सुमारे १५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. त्याच सेन्सरपुढे २५ मिलिमीटरचे भिंग लावले तर तो पट्टा ३० मीटरच्या पुढे जातो. शोधण्यासाठी रुंद पट्टा हवा आणि नेमासाठी अरुंद, त्यामुळे दोन्ही कामे एकाच भिंगाकडून नीट होत नाहीत. शिवाय खांद्याला लावलेली रायफल तासभर फिरवत राहिल्यावर हात थरथरू लागतात, आणि नेमका नेम धरण्याच्या वेळी त्याचा फटका बसतो. स्कॅनर मात्र शिकार न करताही उपयोगी पडतो : जखमी जनावर शोधताना, कळप मोजताना, किंवा केवळ वन्यजीव पाहत बसतानाही.

नेमासाठी नंतर थर्मल स्कोपच घेतला पाहिजे असे नाही. स्कॅनरने शोधायचे आणि रायफलीवर अवरक्त दिवा असलेली डिजिटल नाइट व्हिजन दुर्बीण ठेवायची, ही जोडी मला अनेकदा अधिक भरवशाची वाटते. परावर्तित प्रकाशावर चालणाऱ्या दुर्बिणीत शिंगांचा आकार, अंगावरचे पट्टे, गळ्यातला पट्टा यांसारखे तपशील दिसतात, जे उष्णतेच्या चित्रात बहुधा हरवतात. त्यातही ८५० नॅनोमीटरचा दिवा समोरून पाहिल्यास मंद लालसर दिसतो, तर ९४० नॅनोमीटरचा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी पडतो.

प्रश्न : माझ्या स्कॅनरच्या खोक्यावर १८०० मीटरचा पल्ला छापला आहे. प्रत्यक्षात ३०० मीटरवर दिसणारे जनावर रानडुक्कर आहे की वासरू, हेही मला सांगता येत नाही. उपकरण सदोष आहे का?

उपकरणात दोष नाही. खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. तो आकडा ‘काहीतरी आहे’ एवढे कळण्याचा पल्ला सांगतो, आणि तोही बहुधा उभ्या माणसाएवढ्या आकारासाठी. १९५८ मध्ये अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी अस्तित्व कळण्यापासून ओळख पटण्यापर्यंतच्या पायऱ्या मोजून मांडल्या, आणि आजही उत्पादक त्यांचाच आधार घेतात. आजच्या बिंदूंच्या भाषेत सांगायचे तर, वस्तूच्या लहान बाजूवर सुमारे २ बिंदू पडले की तिचे अस्तित्व कळते, ८ बिंदू पडले की तिचा वर्ग कळतो, म्हणजे ते चतुष्पाद आहे की माणूस हे कळते, आणि ती नेमकी कोणती हे ठरवायला सुमारे १३ बिंदू लागतात. हे आकडे जाणकार निरीक्षकाचे उत्तर निम्म्या वेळा बरोबर येण्यासाठीचे आहेत. चापावर बोट असलेल्या माणसाला निम्म्या वेळा बरोबर असणे पुरेसे नाही, हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो.

आता आपल्या उपकरणाचा हिशेब करू. आपण पाठवलेल्या माहितीप्रमाणे बिंदू १२ मायक्रॉनचा आणि भिंग ३५ मिलिमीटरचे आहे, म्हणजे १०० मीटरवर एक बिंदू साधारण साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो. १८०० मीटरवर तोच बिंदू ६० सेंटिमीटरहून मोठा होतो, आणि उभा माणूस जेमतेम तीन बिंदूंच्या उंचीचा ठिपका होऊन बसतो. ३०० मीटरवर एक बिंदू १० सेंटिमीटरचा झाला, म्हणून ७० सेंटिमीटर उंचीच्या रानडुकरावर सातच बिंदू पडतात. वर्ग कळायलाही ते कमी आहेत, त्यामुळे आपली शंका अगदी रास्त होती. १५० मीटरच्या आसपास तेच जनावर १४ बिंदूंचे होते, आणि तिथे ओळख पटण्याची खरी शक्यता सुरू होते. डिजिटल झूमने यात काहीही भर पडत नाही. तो तेच बिंदू मोठे करून दाखवतो.

बिंदू कमी असतील तेव्हा आकारापेक्षा चालीवर लक्ष ठेवावे. रानडुक्कर मान न उचलता जमीन उकरत पुढे सरकते, कोल्हा थांबत थांबत तिरका चालतो, गाय मान खाली घालून एकाच जागी बराच वेळ चरते. अर्थात चालीवरून आलेला अंदाज जवळ जाऊन पाहण्याची दिशा दाखवतो, गोळी झाडण्याची परवानगी देत नाही.

प्रश्न : गाडीच्या बंद काचेतून स्कॅनरने पाहिले तर फक्त माझीच धूसर आकृती दिसते.

थर्मल सेन्सर ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी टिपतो आणि साधी काच त्या लहरी अडवते. वर त्या थोड्या परावर्तितही करते, म्हणून आपली आकृती दिसते. याच कारणासाठी या उपकरणांची भिंगे काचेऐवजी जर्मेनियमची असतात. काच खाली करणे हाच उपाय.

प्रश्न : मध्येच ‘टक’ असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थिजते.

उपकरण तापत जाते तसतसे सेन्सरच्या प्रत्येक बिंदूचे मोजमाप थोडे थोडे सरकते. ते पुन्हा जुळवण्यासाठी सेन्सरपुढे एक छोटी झडप येते आणि सर्व बिंदूंना एकाच तापमानाचा पृष्ठभाग दाखवते. ही क्रिया आवश्यक आहे, मात्र रायफलीवरच्या स्कोपमध्ये ती स्वयंचलित न ठेवता हाताने करण्याच्या पर्यायावर ठेवावी आणि नेम धरण्यापूर्वी उरकून घ्यावी. थिजलेले चित्र सरून गेलेल्या क्षणाचे असते. त्यावर विसंबून चाप ओढू नये.

प्रश्न : पावसानंतर आणि पहाटे चित्र सपाट, करडे का होते?

थर्मल चित्र केवळ तापमानातील फरकावर उभे असते. पाऊस माती, दगड, पाने या सर्वांना जवळपास एकाच तापमानावर आणतो, त्यामुळे पार्श्वभूमीचा तपशील पुसला जातो. धुक्यातील थेंबांचा आकार या लहरींच्या लांबीच्या जवळपास असल्याने ते लहरी विखुरतात आणि शोषतातही. थर्मल उपकरण दाट धुके भेदून पाहते, ही समजूत चुकीची आहे. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तानंतर काही काळ दगड, जमीन आणि झाडे यांची तापमाने एकमेकांना ओलांडत असतात, तेव्हाही भेद मिटतो. उलट, संध्याकाळी दिवसभर तापलेले दगड जनावरासारखे चमकतात. अशा एका दगडापाशी मी स्वतः जवळजवळ अर्धा तास श्वास रोखून बसलो होतो. निरभ्र रात्रीचा उत्तरार्ध, जमीन निवल्यानंतरचा, सर्वांत चांगला. दमट हवेत वावरणाऱ्यांनी खरेदी करताना सेन्सरची संवेदनशीलता अवश्य पाहावी. ती, म्हणजे सेन्सरला टिपता येणारा सर्वांत लहान तापमानफरक, मिलिकेल्व्हिनमध्ये (अंशाच्या हजाराव्या भागात) दिलेली असते आणि आकडा जितका लहान तितका चांगला.

प्रश्न : जनावर अगदी स्वच्छ दिसत होते, नेम पक्का होता, तरी गोळी लागली नाही. सकाळी पाहिले तर वाटेत एक फांदी तुटलेली होती. ती स्कोपमध्ये का दिसली नाही?

कारण फांदीचे तापमान आजूबाजूच्या गवताइतकेच होते. स्कोपने आपल्याला जनावराची उष्णता दाखवली. तिच्या वाटेतली बारीक फांदी, कोरडे गवत, कुंपणाची तार मागच्या करड्या रंगात मिसळून गेली. पानांच्या फटींतूनही उष्णता डोकावते आणि संपूर्ण जनावर उघड्यावर उभे असल्याचा भास होतो. मोठ्या अंगाआड उभी असलेली पिल्ले अशाच रीतीने नजरेतून सुटतात, म्हणून जनावर हलेपर्यंत आणि त्याची पूर्ण बाह्यरेषा दिसेपर्यंत थांबावे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, या चित्रात खोली नसते. जवळचा ससा आणि दूरचे हरीण सारख्याच आकाराचे दिसू शकतात, म्हणून अंतर लेझर मापकानेच मोजावे. जनावराच्या मागे मातीचा चढ आहे की मोकळे मैदान, हेही पुष्कळदा कळत नाही, आणि रायफलीची हुकलेली गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते. माती पाठीशी नसेल तर गोळी झाडू नये, मग जनावर कितीही जवळ असो.

यावर मला माहीत असलेला एकच खात्रीचा उपाय जुना आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. ज्या जागी रात्री बसायचे तिथे आदल्या दिवशी उजेडी जावे, तारा, फांद्या, पायवाटा, घरे आणि चढ पाहावेत, ठळक खुणांची अंतरे मोजावीत, आणि कोणत्या दिशेला गोळी मुळीच सोडायची नाही हे वहीत नकाशा काढून लिहून ठेवावे.