बडोद्यातल्या बिनउन्हाच्या फ्लॅटमध्ये कोथिंबीर-मेथीसाठी स्वस्त, सुरक्षित दिवे कसे लावावेत?

महागडा जांभळा ग्रो लाइट नको. दोन बाय एक फुटाच्या रॅकला 2 फुटी, 10 वॅटच्या, 6500 केल्विनच्या (म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या) तीन साध्या एलईडी बॅटन पुरतात. पानांपासून वीतभर वर साखळीने टांगा. रोपं लांबट होऊन लवंडली तर प्रकाश लांब आहे. शेंडे पांढुरके पडले तर फार जवळ. टायमर 14 तासांवर ठेवा, महिन्याला साधारण 13 युनिट जळतील.

खरा धोका पाण्याचा. एक्स्टेंशन बोर्ड ट्रेच्या वरच्या उंचीवर भिंतीला ठोका. प्लगआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथेच टपकतो. टेप गुंडाळलेले जोड पावसाळी दमटपणात सुटतात, ते नकोतच. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.