पहिलं पातं करताना
पहिलाच चाकू घडीचा नको रे. पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचं भोक केसभर चुकलं तरी पातं डुलतं. आधी सरळ मुठीचे चार-पाच कर. पोलाद १०८४ घे, म्हणजे साधं कार्बन पोलाद. भंगारातला गाडीच्या स्प्रिंगचा पाटा स्वस्त, पण त्यात बारीक तडा लपलेला असू शकतो.

खरी परीक्षा पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना. म्हणायचं पाणी, पण वापरायचं तेल, तेही ५०-५५ अंशांवर कोमट केलेलं. लोहचुंबक जवळ ठेव. ७७० अंशांच्या आसपास पातं त्याला चिकटेनासं होतं. रंग आणखी थोडा उजळू दे, मगच बुडव. नंतर कानस पात्यावर न चावता घसरली की जमलं, पातं कडक झालं. मग ठिसूळपणा कमी करायला लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. मी एकदा ‘उद्या बघू’ म्हणून तसंच ठेवलं, फरशीवर पडून काचेसारखं तुटलं.

आणि धार मूठ बसवल्यावरच लाव, बोटं वाचतात.