लेक म्हणते, गडचिरोलीला संस्थेत काम करणार

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे. औसा तालुक्यात राहतो. मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं बी.एड. करावं असं आम्हाला वाटतं. ती म्हणते, गडचिरोलीला एखाद्या संस्थेत काम करणार. समाजसेवेवर पोट भरतं का? तिला इंग्रजी जेमतेम येतं, तिकडची बोली तर मुळीच येत नाही. तिला कसं समजवावं? – एक पालक

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुम्ही औशाचे, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मी तुम्हाला सांगायला नको. भूकंपानंतर तुमच्या भागात किती संस्था आल्या, तेही आठवत असेल. घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात तेव्हा गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. सरकारची योजना गावाला कळावी आणि गावाची अडचण सरकारला कळावी, यासाठी मध्ये माणूस लागतो. तुमची लेक जे काम मागते आहे त्याचा गाभा हाच आहे. सेवाभाव हवाच, पण हे शिकून घ्यायचं कसब आहे.

आता भाषेची भीती. गडचिरोली हा एकच जिल्हा, पण भामरागडकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेलगत छत्तीसगढी, काही गावांत बंगाली आणि बाकी झाडीबोलीच्या वळणाची मराठी. तिथे पहिल्या दिवशी कुणालाच सगळं येत नाही, पुण्या-मुंबईहून गेलेल्यांनाही नाही. लातूरकडची बोली बोलणारी मुलगी त्यांच्यापेक्षा मागे आहे असं मला मुळीच वाटत नाही.

शिवाय नुसते शब्द पाठ करून भागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या डॉक्टर दाम्पत्यानं १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या आपल्या संस्थेचं काम सुरू केलं. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं अशी आली : मोठ्या इमारतीत आम्ही बावरतो, नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि तुमचे डॉक्टर पांढरे कपडे घालतात. पांढरं तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. मग झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना उभा राहिला, नातेवाईक रोग्याजवळ राहू लागले आणि नाव दिलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. पुढे बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखण्यासाठी श्वास मोजायची वेळ आली. गावातल्या दायांना तेवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून त्यांच्यासाठी मण्यांचं साधं श्वासमापक यंत्र बनवलं. दाईला अडाणी न म्हणता यंत्रच तिच्या हाताजोगं केलं, हे मला फार मोठं वाटतं. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज देशभरात आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. २०१४ पासून ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यामुळे संस्थांकडे पैसा आणि पगारी जागा वाढल्या. पण प्रोजेक्ट दोन-तीन वर्षांचा असतो आणि तो संपला की बऱ्याचदा नोकरीही संपते. परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना, त्या देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर, प्रशासकीय खर्च देणगीच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. कार्यालयातल्या जागांवर त्याचा ताण येतो. सरकारी शिक्षकाची स्थिरता इथे नाही, हे लेकीलाही सांगा.

इंग्रजीचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. पाड्यावरच्या बाईनं माडियात सांगितलेलं दुःख शेवटी देणगीदाराच्या इंग्रजी अहवालात जातं. तो अहवाल ज्याला लिहिता येतो तो पुढे सरकतो. पण त्या बाईचं म्हणणं ज्याला कळलेलंच नाही तो काय लिहिणार? म्हणून माझा क्रम असा : आधी एक वर्ष प्रत्यक्ष काम, त्या भागातली बोली, आणि रोज रात्री एक पान इंग्रजी लिखाण. मग एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्यातली, किंवा ग्रामीण विकासातली पदव्युत्तर पदवी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र तुमच्यापासून फार लांब नाही. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. बी.एड.चा पर्याय तेव्हाही खुला असेल. आणि वर्षभरात तिला हे झेपलं नाही, तर तेही तिचं तिला कळेल.

संस्था मात्र पारखून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या संस्थांच्या संकेतस्थळावरची नोंद आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगली संस्था तो आनंदानं दाखवते. नेमणूकपत्र, प्रॉव्हिडंट फंड, राहायची सोय, आणि फिरतीवर रात्र झाली तर गाडी कोण पाठवणार, हे सगळं आधी विचारून घ्या. ‘सेवा आहे, पगाराचं काय विचारता’ असं कुणी म्हणालं, तर तिथे लेकीला पाठवू नका.

रजा काढून तिच्याबरोबर एकदा तुम्हीही जाऊन या. दोन दिवस राहा. संस्थेच्या प्रमुखाला भेटाच, पण तिथे पाच-सात वर्षं टिकलेल्या एखाद्या कार्यकर्तीशी निवांत बोला : घर कसं चालतं, आजारी पडल्यावर काय केलं, पहिल्या वर्षी कुणी आधार दिला. ती जे सांगेल ते मला लिहून कळवा, मग लेकीच्या पुढच्या अर्जाचं आपण मिळून ठरवू.