लोकरीची लेव्ही कोण ठरवते?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील मेंढपाळ लोकरीच्या प्रसारासाठी पैसा कसा उभारतात आणि त्यावर नियंत्रण कोणाचे असते? (एक वाचक, फलटण)

उत्तर : तेथे कातरलेली लोकर विकली जाते तेव्हाच तिच्या किमतीतून ठरावीक टक्का लेव्ही कापली जाते. ती सरकारमार्फत ‘ऑस्ट्रेलियन वूल इनोव्हेशन’ या कंपनीकडे जाते आणि संशोधन व विपणन यांवर खर्च होते. संशोधनासाठी सरकारही भर घालते. कंपनी स्वतः लोकर विकत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘वूलपोल’ हे दर 3 वर्षांनी होणारे मतदान, कारण त्यात लेव्हीचा दर खुद्द उत्पादकच ठरवतात आणि ‘शून्य टक्के’ हा पर्यायही मतपत्रिकेवर असतो. 2018 मध्ये त्यांनी 2 टक्क्यांचा दर 1.5 टक्क्यांवर आणला. मागील 3 वर्षांत भरलेल्या लेव्हीच्या दर 100 डॉलरमागे एक मत मिळत असल्याने मोठ्या कळपवाल्यांचे वजन साहजिकच जास्त पडते. आपल्या सहकारी संस्थांतील ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वाहून हे अगदी वेगळे आहे, आणि छोट्या मेंढपाळांच्या दृष्टीने मला आपलेच तत्त्व अधिक न्याय्य वाटते.

कंपनीच्या संचालकांची निवड भागधारक करतात. परंतु लेव्ही भरणारा आपोआप भागधारक होत नाही, त्याला स्वतंत्र नोंदणी करावी लागते.