वाचकांचे प्रश्न : वाळवंटातील पायी भटकंती

प्रश्न : आम्ही नागपूरकर उन्हाला सरावलेलो आहोत, मग जैसलमेरजवळचे मरू राष्ट्रीय उद्यान मे महिन्याच्या सुट्टीत पायी पाहण्यास काय हरकत आहे? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : हरकत आहे, आणि ती मी आग्रहाने नोंदवतो. ४५ अंशांचा पारा आपल्या ओळखीचा असला, तरी नागपुरात कडुनिंबाची सावली आणि पाणपोई सहज सापडते; तेथे एखाद्या खेजडीच्या (शमीच्या) झाडापलीकडे आडोसा नसतो, शिवाय कोरड्या वाऱ्यात घाम येताक्षणीच उडून जात असल्यामुळे शरीरातील पाणी किती घटले हे वेळीच कळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, मात्र रात्रीच्या कडाक्याच्या थंडीची तयारी ठेवावी.

सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाचा बराच भाग वाळूच्या टेकड्यांचा नसून गवताळ व खडकाळ आहे, आणि एकेकाळी आपल्या वरोऱ्याच्या माळांवर दिसणाऱ्या माळढोक पक्ष्याचा तोच मुख्य आसरा उरला आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. म्हणून वन विभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या यांवाचून गवतात पाऊल टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.